गाडीतली प्रार्थना

वालीवच्या ज्या कंपनीत मी गेली एकोणीस वर्षं काम करते, तिथे रबराचे वायसर बनतात. माझं काम ते बाहेर धाडण्याचं. टेम्पो भरला की ड्रायव्हर माझ्या टेबलाशी येतो, चलन घेतो आणि किल्ली मागतो. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते. मी उठून त्याच्याबरोबर गेटपर्यंत जाते, त्याने फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून कप्पा लावलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघते आणि मगच किल्ली देते. रस्ता शोधायचा असेल तर निघायच्या आधी बघून घे, वाटेत फोन आला तर गाडी बाजूला लाव, आणि स्टँडवर लावलेला फोनसुद्धा फोनच असतो, हे मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की काहीजण माझ्याआधी तेच बोलून दाखवतात. माझ्या पाठीमागे ते मला हेडबाई म्हणतात. म्हणेनात का.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी असं म्हणायला नको की हिला बिचारीला कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

आमचं घर गिरीजला, केळीच्या वाडीत. घरात आई आणि मी. भाऊ कुवेतला असतो, बहीण लग्न होऊन पुण्याला गेली, मी लग्न केलं नाही. आमच्या गावातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी सात वाजता चर्चची घंटा झाली की सगळ्यांनी आल्ताराशी, म्हणजे घरातल्या वेदीशी, बसून रोझरी म्हणायची रीत आहे. रोझरी म्हणजे माळेची प्रार्थना. तिची पाच रहस्यं, म्हणजे पाच भाग, प्रत्येक रहस्याला दहा नमो मरिया. नमो मरियाचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला अर्धा बाकीच्यांनी. आम्ही घरात पाच माणसं होतो तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर एक रहस्य यायचं. वडिलांचं तिसरं, माझं चौथं. लहानपणी मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा, गुडघे दुखायचे आणि भाऊ मागून चिमटे काढायचा.

वडील गेले त्याला आता तीन वर्षं होतील. त्यानंतर काही दिवसांनी मी एकदा कामावरून लवकर आले तेव्हा आई एकटीच आल्ताराशी बसलेली होती. नमो मरियाचे दोन्ही भाग ती स्वतःच म्हणत होती. दुसऱ्या भागाला ती आवाज जरा खाली आणत होती, वडिलांसारखा. मी चपला हातात घेऊन दारातच थांबले. मला रडू आलं नाही, पण आत जायचा धीरही झाला नाही. त्या रात्री बहिणीला हे सांगितलं आणि तिने दुसऱ्या दिवसापासून फोनवर चौघांची रोझरी सुरू केली. आईला पहिलं आणि वडिलांचं तिसरं, भावाला दुसरं, मला माझं चौथं, बहिणीला पाचवं. आईला इतका आनंद झाला की तिने फोनखाली घालायला एक क्रोशाचा रुमालही विणला.

अडचण एवढीच होती की सात वाजता मी घरी नसते. साडेसहाला वालीवहून गाडी काढते आणि सातला रेल्वेच्या पुलावर असते, पूर्वेकडून पश्चिमेकडे येणाऱ्या त्या न संपणाऱ्या रांगेत. आपण साडेआठची वेळ ठेवू, असं मी आईला एकदा सुचवलं. आई म्हणाली घंटा सातला होते. शिवाय भावाला त्याच वेळी चहाची सुट्टी असते. मग मी वाद घातला नाही. दिवसभर वाद घालून आल्यावर घरी आणखी एक कोण घालेल. फोन स्टँडला लावला, स्पीकर चालू केला आणि गाडीतूनच उत्तरं द्यायला लागले.

स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे कारणं भरपूर होती. हे काही बोलणं नाही, प्रार्थना आहे. शब्द पाठ आहेत, त्यात डोकं लागत नाही. रांग तर बैलगाडीच्या वेगाने चालते. शिवाय माळ हातात धरायला नको म्हणून मी नमो मरिया स्टिअरिंगवर बोटं दाबून मोजत असे, एका नमो मरियाला एक बोट. दहा बोटं, दहा नमो मरिया, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. याचा मला चक्क अभिमान वाटायचा. टेम्पोवाल्यांना लावलेला नियम स्वतःला का नाही, हा प्रश्न कधी मनात आला तर मी म्हणायचे, ते सिनेमाची गाणी ऐकतात. असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षांत कशाला ओरखडासुद्धा गेला नाही, त्यामुळे माझी खात्रीच पटली होती.

नाताळ पंधरा दिवसांवर आला होता. सात वाजता पूर्ण अंधार पडायचा. पूल उतरून, माणिकपूरची गर्दी मागे टाकून मी पुढच्या रस्त्याला लागले होते आणि माझं चौथं रहस्य चालू होतं. सहावी की सातवी नमो मरिया असेल. मी माझा अर्धा भाग म्हटला आणि समोरून उत्तर आलं नाही. त्या वळणावर रेंज जाते, हे मला माहीत होतं. रोजच जायची. तरी मी फोनकडे बघितलं. कॉल तुटला की आवाज बंद झाला, एवढंच बघायचं होतं. किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही. आधी वाटायचं एक क्षण, आता वाटतं खूप वेळ.

मान वर केली तेव्हा दिव्याच्या उजेडात एक बाई होती, डोक्यावर टोपली. मी ब्रेक मारला. वेग अगदी कमी होता, म्हणूनच मी आज हे लिहिते आहे. गाडी तिला लागली, ती हातावर पडली आणि टोपलीतलं सुकट रस्ताभर झालं. ब्रेकच्या झटक्याने फोन स्टँडवरून उडून सीटखाली गेला.

मी दार उघडून धावले. साठीपासष्टीची बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत, उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. ती ओरडत नव्हती. "पानी दे," एवढंच म्हणाली. मी बाटली घ्यायला गाडीपाशी परत आले आणि तेव्हा सीटखालून आईचा आवाज ऐकू आला. रेंज परत आली होती. कुणाचा फोन मध्येच गेला तर त्याचं रहस्य आईने पुढे चालवायचं, असं आमचं ठरलेलं होतं. ती माझ्या उरलेल्या नमो मरिया म्हणत होती. भाऊ आणि बहीण उत्तर देत होते. तिघांनाही काही कळलं नव्हतं. मी बाटली घेतली. फोन बंद करायला वाकायचं त्राण माझ्यात नव्हतं, म्हणून दार लोटून दिलं. काच उघडीच होती. मी त्या बाईला पाणी पाजत होते आणि रोझरी शेवटपर्यंत ऐकू येत राहिली.

लोक जमले, चांगले होते. एकाने सुकट गोळा केलं, दोघांनी बाईंना माझ्या मागच्या सीटवर बसवलं. मी त्यांना माणिकपूरच्या एका हॉस्पिटलात नेलं. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं. मी म्हणाले, अंधार होता, त्या अचानक समोर आल्या. नंतर हवालदार आला, त्यालाही तेच सांगितलं. ते वाक्य इतकं सहज तोंडातून आलं की जणू कुणी आधीच लिहून ठेवलं होतं. तेवढ्यात बाईंचा मुलगा कामावरून धावत आला. त्याने माझ्यावर आवाज चढवावा, एखादी शिवी द्यावी, असं मला खरोखर वाटत होतं. त्याने ते केलं नाही. त्याने आईला झापलं. तुला किती वेळा सांगितलं, अंधारात एकटी रस्ता ओलांडू नको, तुझं लक्ष नसतं. आणि मग वळून माझे आभार मानले, की ताई, तुम्ही थांबलात, दुसरा कोणी पळून गेला असता. हवालदाराने बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मीच बघितला नसंल.

मी घरी पोचले तेव्हा आई जेवायची थांबली होती. तिलाही मी तेच सांगितलं. एक बाई अचानक समोर आली, हात मोडला, बाकी देवाच्या दयेने ठीक आहे. आईने क्रूसाची खूण केली. मग विचारलं, किती वाजता झालं? मी म्हणाले, माझ्या रहस्यात. आई उठून आल्ताराशी गेली आणि बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं तिला समजलं. तिला काही भलतंच समजलं होतं.

तीन आठवड्यांनी आमच्या वाडीत प्रार्थनासभा होती. अशा सभेत शेवटी साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्यावर केलेली कृपा उठून सर्वांना सांगतात. आई आयुष्यात कधी सभेत उभी राहिलेली नाही. त्या दिवशी उभी राहिली. माझी मुलगी गाडी चालवताना रोझरी म्हणत होती, समोर बाई आली, पण तोंडात मरियेचं नाव होतं म्हणून त्या बाईचा नुसता हात गेला, जीव वाचला, असं तिने सांगितलं. बायका हळहळल्या. एकीने माझा हात दाबला. दुसरीने विचारलं की तू फोनवर कसं जमवतेस, माझ्या सुनेलाही सांग, ती पण सातला गाडीतच असते. मी खाली मान घालून बसले होते आणि मला माझी शिसारी आली होती. पण उठून बोलायचं बळ कुठून आणू? थकवा हाही एक आडोसा असतो. दिवसभराच्या कामाने शिणले आहे, उद्या बघू, असं म्हणत मी दिवस काढत होते.

त्या बाईंकडे मात्र मी दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर जायचे. मिठागराच्या बाजूला त्यांचं गाव, दोन खोल्यांचं घर. वाडीतली केळी न्यायचे, औषधं न्यायचे. सून चहा करायची. पहिले पाच रविवार मला वाटलं, आपण चांगलं वागतोय. सहाव्या रविवारी सून बोलता बोलता म्हणाली की आता सासूबाईंचा बाजार बंद. चाळीस वर्षं त्या सुकट विकायला माणिकपूरला जात होत्या, स्वतःची जागा होती, गिऱ्हाईकं ठरलेली होती. पण मुलाने ठरवलं, नजर गेली आहे, लक्ष राहत नाही, आज हात गेला, उद्या जीव जाईल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे ठीक आहे. मुलाचा विश्वास बसला नाही. प्लास्टर निघालं तरी पाठवायचं नाही म्हणाला, आणि ती जागा दुसऱ्या बाईला देऊन टाकणार होता.

बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सून आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तू होतीस ना तिथं," त्या म्हणाल्या. "तू सांग. मना तर दोन्हीकडं बघितल्यासारखा वाटतं. गाडी लांब होती. मग मी कसा काय चुकले?"

मी म्हणाले, अंधार होता. आणि चहा तसाच ठेवून उठले.

त्या दिवशी मी घरी न जाता किनाऱ्याकडे गाडी नेली आणि सुरूंच्या झाडांखाली काच बंद करून बसून राहिले. कन्फेशनला जावं असंही मनात आलं. पण फादर जाळीपलीकडून शांतपणे ऐकून घेतील आणि प्रायश्चित्त म्हणून एक रोझरी म्हणायला सांगतील, या कल्पनेने मला हसू फुटलं, आणि मग ते हसू आवरेना. देवाने क्षमा केली असती याबद्दल मला शंका नव्हती. पण देवाची गिऱ्हाईकं तुटली नव्हती. त्या बाईला मी मोडलेल्या हातापेक्षा मोठं काहीतरी केलं होतं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसा मी काढून घेतला होता, आणि वर दर रविवारी केळी नेऊन देत होते.

आधी आईला सांगायला हवं होतं. संध्याकाळी सात वाजले, फोन वाजला, मी घरीच होते तरी उचलला नाही आणि आईलाही उचलू दिला नाही. तिच्याशेजारी आल्ताराशी बसून सगळं सांगितलं. फोनकडे बघत होते म्हणून झालं. चमत्कार वगैरे काही नाही. ती बाई बरोबर चालत होती, मी चुकले, आणि नंतर खोटं बोलले. हे सगळं सांगताना माझा आवाज चढला, कारण लाज वाटली की मला राग येतो. मी म्हणाले, तू सातचा हट्ट धरलास म्हणून. हे बोलायला नको होतं.

आई रागावली नाही. तिने फोनखालच्या रुमालाचा काठ बोटाला गुंडाळला.

"हॉर्न मना ऐकू येत होते," ती म्हणाली. "रोज येत होते. मना माहीत होतं तू गाडीत हाय ते. पण मना तुझा आवाज हवा होता."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती काढून घेईल असं वाटलं होतं, पण तिने घेतला नाही. फोन पुन्हा वाजायला लागला होता, तो तिने स्वतः उचलला आणि भावाला व बहिणीला सांगितलं की उद्यापासून साडेआठ. भाऊ म्हणाला, मला त्या वेळी जमणार नाही. आई म्हणाली, मग आम्ही तिघी म्हणू, तुझं दुसरं रहस्य मी घेते. सभेतली साक्ष मात्र तिने परत घेतली नाही. कुणी विषय काढला तर ती उठून आत जाते. तिला तेवढं करू द्यावं, असं मी ठरवलं. ती शहाऐंशी वर्षांची आहे.

पुढच्या रविवारची मी वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी कंपनीत सुट्टी टाकली. निघताना फोन बंद करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. बघायला कुणी नव्हतं. वाटभर मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि ठरवलेलं सगळं पुलाखालीच विसरले.

बाई ओट्यावर बसल्या होत्या. प्लास्टर त्याच सकाळी निघालं होतं, मनगट बारीक आणि पांढरट दिसत होतं. या वेळी मी केळी आणली नव्हती. मी त्यांच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, "तुम्ही दोन्हीकडे बघितलं होतं. मी बघितलं नव्हतं. मी फोनकडे बघत होते."

त्यांना पटकन कळलं नाही. मी परत सांगितलं. फोन चालू होता, प्रार्थना चालू होती, आवाज गेला म्हणून मी तिकडे बघितलं आणि गाडी तुमच्यावर आली. हॉस्पिटलात खोटं बोलले, हवालदाराला खोटं सांगितलं. बाई रडतील, शिव्या देतील, किंवा जाऊ दे बाय म्हणतील, यातलं जे होईल ते सोसायची माझी तयारी होती. यातलं काहीच झालं नाही. त्यांनी मान वळवून घरात हाक मारली. मुलगा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता, बनियनवर बाहेर आला.

"आता याला सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. मग तो मला जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. चौकीत येऊन हे लिहून द्याल का, असं त्याने शेवटी विचारलं. मी हो म्हणाले. तो शर्ट घालायला आत वळला तर बाईंनी त्याला थांबवलं आणि सुनेला बोलावलं. मला म्हणाल्या, परत सांग. मी सुनेला सांगितलं. मग शेजारच्या घरात हाक गेली, तिथून दोन बायका आल्या, त्यांनाही. तोवर शब्द अगदी थोडे उरले होते: त्या नीट बघून चालत होत्या, मी बघत नव्हते.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर बाई मुलाला म्हणाल्या की बाजारातली जागा त्या दुसऱ्या बाईला द्यायची नाही. त्याने आईकडे बघितलं आणि मग स्वतःच्या पायांकडे. बाईंनी कोपऱ्यातली रिकामी टोपली ओढून उजव्या हाताने उचलून बघितली. मनगट थरथरलं, टोपली जमिनीवरून वीतभर वर आली आणि खाली पडली. त्यांनी आणखी एकदा उचलून बघितली. मग डाव्या हाताने मनगट धरून ठेवत माझ्याकडे वळल्या.

"नजर माझी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "हात तेवढा तू मोडलास."

मी हो म्हणाले.